गौरी-गणपतीत घराबाहेर कोणी जायचं?

(नाव-गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

*माझी मुलगी सव्वीस वर्षांची आहे. शिकलेली, चांगल्या नोकरीत. सात वर्षांपूर्वी गौरी जेवणाच्या दिवशी माझ्या नणंदेच्या यजमानांनी आमच्याच घरात, वरच्या खोलीत तिच्यावर जबरदस्ती केली. तिने मला दोन महिन्यांनी सांगितलं. मी ह्यांना आणि सासूबाईंना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, घर माणसांनी भरलेलं होतं, मग ओरडली का नाही? शिवाय ते घरचे जावई, नणंदेच्या संसाराचा प्रश्न, म्हणून विषय तिथेच मिटवला. आता ती अगदी नॉर्मल आहे. गणपतीत ती सांगलीला मामाकडे जाते, त्यामुळे समोरासमोर येण्याचा प्रश्न येत नाही. उकडीचे टिकत नाहीत म्हणून मी तळणीचे मोदक पाठवते. मखर पूर्वी तीच करायची, आता धाकट्या दिरांची तेरा वर्षांची मुलगी करते. तर सांगायचं म्हणजे, एक उत्तम स्थळ आलं आहे. साखरपुड्याआधी मुलाला हे सांगावं का? नंतर कळलं तर फसवलं म्हणतील, आधी सांगितलं तर मोडेल. रात्र रात्र झोप लागत नाही.*

*– एक आई*

ताई,

स्थळाचं दोन ओळींत संपवते, कारण त्याला तेवढंच लागतं. सांगायचं का, कधी, किती, हे तुमची मुलगी ठरवेल. फसवणूक वगैरे काही होत नाही. गुन्हा तिने केलेला नाही. तुम्ही, तुमचे यजमान, मध्यस्थ, कोणीही तिच्या वतीने तोंड उघडायचं नाही.

आता मोदकांकडे येते.

तुम्ही ते वाक्य जाता जाता लिहून टाकलंत. मला मात्र पुढचं वाचवेना. गौरी येतात म्हणून तुम्ही उंबऱ्यापासून हळदी-कुंकवाची पावलं काढता. नणंद माहेरवाशीण म्हणून येते, ओटी भरून घेते. तिचा नवरा जावई म्हणून पाटावर बसतो, आग्रहाची पुरणपोळी खातो. आणि जिचं ते घर, ती पोरगी त्याआधीच बॅग भरून एसटीत बसलेली असते. ‘प्रश्न येत नाही’ म्हणता तुम्ही. कोणाला येत नाही? त्याला येत नाही. सासूबाईंना येत नाही. तिला दरवर्षी येतो, आणि मामाने विचारलं की काहीतरी थाप मारून तो तिला एकटीला निभवावा लागतो.

तुम्ही दुष्ट नाही, हे मला कळतं. प्रवासात कोणते मोदक टिकतात याचा विचार करणारी, ते तळून, निववून, डबा बांधून पाठवणारी आई आहात. म्हणूनच राग येतो. एवढी खटपट करणारी बाई ‘या वर्षी तुम्ही येऊ नका’ एवढा एक फोन सात वर्षांत करू शकली नाही! दर भाद्रपदात तुमच्या घरातून त्या मुलीला एकच निरोप जातो: त्याचा पाट पक्का, तुझं ताट हलवता येतं.

ती नॉर्मल आहे हे कशावरून? नोकरीवर जाते, हसते-बोलते यावरून? अशा मुली नॉर्मल दिसायला फार लवकर शिकतात, कारण घराला तेच हवं असतं. एखादा वास, एखादा आवाज, वर्षातला तो ठरावीक दिवस, यांनी सगळं पुन्हा अंगावर येतं. झोप उडते, छाती धडधडते, कोणी मागून आलं की दचकायला होतं. पुष्कळदा हे वर्षानुवर्षं दबून राहतं आणि नेमकं लग्न ठरताना, नवऱ्याच्या जवळिकीच्या विचाराने उसळतं. त्यावर उपचार आहेत, माणसं बरी होतात. तिला बोलावंसं वाटलं तर समुपदेशक गाठता येईल, १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येईल. पण तिला बोलायला सांगण्याआधी तुम्ही काहीतरी करून दाखवा.

आणि ‘ओरडली का नाही’ हे. खाली झांजा वाजत होत्या, पंक्ती उठत होत्या, कोणाला ऐकू गेलं असतं? बरं, ते सोडा. अशा वेळी अंग गार पडतं, हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. स्टॉकहोमच्या एका रुग्णालयात बलात्कारानंतर आलेल्या जवळपास तीनशे स्त्रियांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सत्तर टक्के जणींचं शरीर त्या वेळी असंच थिजलं होतं. सासूबाईंना हे माहीत नसेल, पण त्यांचा प्रश्न काही नवा नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं. पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, असं म्हणून त्यांना सोडून दिलं. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी न्यायालयालाच खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. २०१३ पासून तर कायद्यात स्पष्टच लिहिलं आहे की केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरायचं नाही. देशाच्या कायद्याने टाकून दिलेला प्रश्न तुमच्या स्वयंपाकघरात अजून चालतो आहे, आणि तुम्ही तो मला जसाच्या तसा लिहून कळवता. त्यावर तुम्ही सासूबाईंना काय उत्तर दिलंत, ते पत्रात नाही.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते.

आधी मुलीशी बोला. ‘झालं गेलं विसर’ नाही, ‘तुला काय वाटतं’ नाही. म्हणा, ‘मी त्याला घरात यायला बंदी करते आहे. सात वर्षांपूर्वी करायला हवी होती. तुझं काही मी कोणाला सांगणार नाही. चालेल?’ ती रडेल, चिडेल, नाहीतर नुसती ‘बरं’ म्हणेल. जे येईल ते ऐकून घ्या. मध्येच स्वतःची बाजू मांडू नका. ती हो म्हणाली की नणंदेला फोन लावा: ‘गौरींना तू ये, मुलांना घेऊन ये. यजमानांनी यायचं नाही. या वर्षी नाही आणि पुढेही नाही.’ का, असं ती विचारेल. ‘ते त्यांना माहीत आहे,’ म्हणा आणि थांबा. मुलीची कहाणी त्यात आणायची नाही.

हा फोन यजमानांनी केला तर उत्तम, त्यांची बहीण आहे. पण त्यांची वाट बघत बसू नका. सात वर्षं बघितलीत.

नणंदेचा संसार? तो तिच्या नवऱ्याने त्या दुपारी वरच्या खोलीत पणाला लावला, तुमच्या मुलीने नव्हे. आणि असले पुरुष काही भिंतीवरून उडी मारून येत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल काढून बघा, बलात्काराच्या दहातल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच निघतो. तो उंबऱ्यातूनच येतो, आपण त्याला पाणी देतो. मखर करणारी ती तेरा वर्षांची पोरगी आहे ना, तीही त्याच जिन्याने वर-खाली करते. तिच्या आईला तुम्ही काही सांगितलंय? पत्रावरून तरी वाटत नाही.

पोलिसांत जायचं का, हे मात्र मुलीचं ती ठरवेल. फार उशीर झाला असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. बलात्काराच्या तक्रारीला कायद्याने मुदत नाही. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते आणि ती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घेतला जातो. तिचं नाव छापणं हा गुन्हा आहे. पुरावा आणि साक्षी यांचं सात वर्षांनी अवघड असतं, हेही तिला खरं खरं सांगा. ती जाईन म्हणाली तर तुम्ही तिच्या शेजारी बसायचं. नको म्हणाली तर तिच्या मागे लागायचं नाही.

मोदकांचा डबा या वर्षी पाठवू नका. ती घरी यायची असेल तर उकडीचे करा. नाही आली, तरी त्याच्या नावाचा पाट मांडायचा नाही.

साखरपुड्याची तारीख आठ-पंधरा दिवस पुढे ढकलली तर काही बिघडत नाही. मुलाकडच्यांना सांगा, घरात एक काम आहे. आणि नणंदेला फोन या आठवड्यातच करा, गणपतीच्या गाड्यांची आरक्षणं फार आधी भरतात. त्याचं तिकीट निघायच्या आत तिला कळू दे.