धरणात गाव गेलेले लोक शरणार्थी ठरतात का? आणि शरणार्थ्यांना हवा तो देश मिळतो का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’.

मी चिपळूणचा. कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून आमच्या वाशिष्ठीत उतरतं. त्या धरणात गावं गेलेली कितीतरी कुटुंबं रायगड-ठाण्यात वसवली गेली. त्यांचे हाल मी कमी लेखत नाही. पण ते भारताचे नागरिक राहिले. मोर्चा काढता येतो, कोर्टात जाता येतं, मत देता येतं. शरणार्थ्याला स्वतःच्या देशाचा हा आधारच उरत नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या समाजगटातला म्हणून छळ होईल अशी रास्त भीती, आणि त्यापायी देशाबाहेर पडलेला माणूस, अशी १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराची व्याख्या आहे. भारताने त्यावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे शरणार्थ्यांसाठी वेगळा कायदाही नाही.

थंडीत आमच्या बाजारात स्वेटर विकायला बसणाऱ्या एका तिबेटी ताईंनी मला त्यांची आरसी, म्हणजे नोंदणीचा दाखला, उघडून दाखवली होती. फोटो, शिक्का, खाली नूतनीकरणाच्या तारखांची रांग. जन्म कर्नाटकातल्या मुंडगोडचा, हिंदी माझ्याहून सफाईदार, तरी तारीख टळली की धास्ती. मला ते फार लागलं.

आता दुसऱ्या देशात वसण्याचं. आधी संयुक्त राष्ट्रांच्या शरणार्थी संस्थेकडे नोंदणी, मग सविस्तर मुलाखत. आश्रयाच्या देशातही ज्यांचा जीव धोक्यात आहे, ज्यांनी अत्याचार सोसलेत, जे गंभीर आजारी आहेत, अशांचीच नावं बहुधा पुढे जातात. संस्था फक्त शिफारस करते. घ्यायचं की नाही हे तो देश ठरवतो. त्याची वेगळी मुलाखत, सुरक्षा तपासणी, वैद्यकीय तपासणी. यात वर्षं जातात, आणि जगातल्या शरणार्थ्यांपैकी एका वर्षात एक टक्काही लोकांना ही संधी मिळत नाही. बाकीचे परतीची वाट बघतात किंवा आहेत तिथेच दिवस काढतात.

घाटावर, कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. युद्ध संपलं, पण अनेकांची गावं सोव्हिएत हद्दीत गेलेली. मग बरेच जण ब्रिटन, ऑस्ट्रेलियाकडे गेले.

तुमच्या ओळखीत कुणी शरणार्थी असेल तर एवढं जरूर सांगा: नोंदणी आणि शिफारस पूर्णपणे मोफत असते. ‘कॅनडाला नंबर लावून देतो’ म्हणत पैसे मागणारा दलाल फसवतोय. त्याला एक रुपयाही देऊ नका.