लिंक बाइंड करण्याआधी

घाई करू नकोस. रेव्हिटमध्ये (इमारतीचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) स्ट्रक्चरची फाइल लिंक आहे, म्हणजे बाहेरून जोडलेली दिसते, म्हणून ती आपल्या मॉडेलात ओतलीच पाहिजे, म्हणजे बाइंड केलीच पाहिजे, असं नाही. क्लॅश, म्हणजे दोन भाग एकमेकांत घुसतात का, हे बघायला लिंक पुरते. बऱ्याचदा बाइंड करायची गरजच नसते, कुणीतरी 'एकच फाइल द्या' म्हणालेलं असतं एवढंच.

करायचंच असेल तर मूळ सेंट्रल फाइलला, म्हणजे सगळी टीम जिच्यावर काम करते तिला, हात लावू नको. दोन्ही फाइली 'डिटॅच' करून (सेंट्रलपासून तोडून), 'ऑडिट'वर (फाइलमधला बिघाड तपासणं) टिक लावून उघड आणि नव्या नावाने आपल्या मशीनच्या डिस्कवर सेव्ह कर, क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये नाही. ऑडिट वेळ खातं, खाऊ दे. आवृत्तीही बघ: २०२२ ची फाइल २०२४ मध्ये सेव्ह झाली की मागे फिरता येत नाही.

खरी गोची नावांची. दोन्हीकडे एकाच नावाचा टाइप (भिंत, दार वगैरेचा ठरवलेला प्रकार) असेल, तर बाइंड करताना यजमान, म्हणजे आपल्या, फाइलचा टाइप वापरला जातो. रेव्हिट इशारा देतं, आपण ओके दाबून मोकळे! माझ्या एका कामात 'भिंत २३०' दोन्ही फाइलींत होती, आमची प्लास्टरसकट, त्यांची नुसत्या विटांची. फाइल उघडत होती, मोजमापं मात्र चुकली. म्हणून आधी लिंकमधल्या टाइपांना उपसर्ग लाव.

बाइंडच्या खिडकीत लेव्हल (मजल्यांच्या पातळ्या) आणि ग्रिड (आखणीच्या रेषा) यांवरची टिक काढ, नाहीतर दुप्पट होतात. झाल्यावर लिंकमधल्या सगळ्याचा मिळून एक ग्रुप बनतो. तो फोडण्याआधी पुन्हा वेगळ्या नावाने सेव्ह कर.