बाबांबरोबर पुस्तक वाचताना

प्रिय मित्रा,

बाबा आणि तू एकच पुस्तक वाचून त्यावर मिळून परीक्षण लिहिणार आहात, हे ऐकून मनापासून आनंद झाला. नववीत गेलं की बापलेकांचं बोलणं अभ्यास, मार्क आणि मोबाईल एवढ्यावरच येऊन थांबतं. पुस्तकामुळे तुम्हाला बोलायला तिसऱ्याच कुणाचं तरी आयुष्य मिळतं, त्यात कुणी कुणाला सुधारायला बसलेलं नसतं.

एक नियम मात्र कधीही मोडू नका. दोघांनी आपापलं मत आधी वहीत लिहायचं, मगच तोंड उघडायचं. बाबा आधी बोलले की तुझं मत नकळत त्यांच्या मताकडे झुकतं. तू आधी बोललास की तुझा हिरमोड नको म्हणून ते ‘बरोबर आहे तुझं’ म्हणतात आणि स्वतःचं मत गिळतात. दोन्ही वेळा परीक्षणात एकच माणूस उरतो.

पहिलं पुस्तक दीडशे पानांच्या आतलं घ्या. जाड कादंबरी पहिल्यांदाच घेतली की तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी मागे पडतं आणि बेत बारगळतो. माझा आग्रह व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा. १९५५ सालची ही कादंबरी माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर घडते आणि ती सांगतो नुकताच नोकरीला लागलेला तरुण शाळामास्तर. त्याचं वय तुझ्यापेक्षा फार मोठं नाही आणि त्याच्यावरची जबाबदारी बाबांना ओळखीची वाटेल, म्हणून दोघांनाही आत शिरायला वाट मिळते. अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला आहे. परीक्षण लिहून होईपर्यंत तो पाहू नका, नाहीतर पडद्यावरचे चेहरे पुस्तकातल्या माणसांना पुसून टाकतात.

शक्यतो दोन प्रती मिळवा, एक ग्रंथालयातून आणि एक विकत. एकच असेल तर दोन खुणा ठेवा आणि वेळा वाटून घ्या, म्हणजे तू संध्याकाळी आणि बाबा जेवणानंतर. रोज पंधरा ते वीस पानं पुरेत, आठ-दहा दिवसांत पुस्तक होतं. जो मागे असेल त्याच्या पानापलीकडचं काही बोलायचं नाही. ग्रंथालयाच्या प्रतीवर पेन्सिलसुद्धा लावू नकोस, कागदाच्या बारीक पट्ट्या घाल. बोलीतला एखादा शब्द अडला की दर वेळी थांबू नकोस. वहीत लिहून पुढे जा, अर्थ बहुतेकदा चार पानांत आपोआप कळतो. उरलेले शब्द रविवारी बाबांना विचार. त्यांनाही आले नाहीत तर आजीला विचारा.

वहीत सारांश नको. पान क्रमांक आणि पाच-सात शब्द, बस्स. ‘पान अमुक, इथे कंटाळा आला.’ ‘पान तमुक, मास्तर घाबरला असं वाटलं.’ कंटाळ्याची नोंद नक्की कर, कारण परीक्षणात ‘मधला भाग रेंगाळतो’ असं लिहायचं तर कुठे आणि का, हे दाखवता आलं पाहिजे. ‘भाषा ओघवती आहे’, ‘मनाला भिडते’ ही वाक्यं कुठल्याही पुस्तकाला चिकटतात. ती आली की खोडायची आणि जिच्यामुळे तसं वाटलं ती ओळ शोधायची.

रविवारी अर्धा तास बसा. वह्यांची अदलाबदल करा, एकमेकांच्या नोंदी मुकाट्याने वाचा आणि जिथे मतं जुळत नाहीत तिथूनच बोलायला सुरुवात करा. या कादंबरीत वाडीतल्या शेकू नावाच्या माणसाची बायको बैलाच्या जागी स्वतःला औताला जुंपून घेते. बाबांनी तिथे ‘केवढी जिद्द’ असं लिहिलं असेल आणि तू ‘हे वाचवत नाही’ असं लिहिलं असशील, तर तुमच्या परीक्षणाचा गाभा तिथेच आहे. कोण बरोबर हे ठरवायला जाऊ नका. लेखकाने तो प्रसंग कसा लिहिलाय, किती शब्दांत, मास्तर स्वतः काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, हे पुस्तक उघडून पुन्हा वाचा. बहुतेक वेळा दोघांचीही मतं थोडी हलतात आणि ती कशी हलली हेसुद्धा लिहिण्याजोगं असतं.

परीक्षण चारशे शब्दांच्या आत ठेवा. सुरुवातीला पुस्तक, लेखक, प्रकाशक, पानं आणि किंमत. कथानक ऐंशी शब्दांत, तेही पुस्तकाच्या सुरुवातीच्या एक तृतीयांश भागापुरतंच. वाडीचं शेवटी काय होतं ते फोडू नका. मग दोघांनी प्रत्येकी सव्वाशे शब्द, स्वतःच्या नावाखाली, स्वतःच्या भाषेत. उरलेल्या जागेत, हे पुस्तक कुणाला आवडेल आणि कुणी वाटेला जाऊ नये. ‘या पुस्तकातून आपल्याला शिकायला मिळते की’ हे वाक्य शाळेच्या वहीतच राहू दे.

बाबांना माझा एक निरोप सांग. मुलाच्या मजकुरातलं शुद्धलेखन दुरुस्त करा, वाक्य बदलू नका. पंधरा वर्षांच्या मुलाचं वाक्य पंचेचाळीस वर्षांच्या माणसासारखं झालं की वाचणाऱ्याला लगेच कळतं, आणि मुलगा पुढच्या वेळी लिहायला बसत नाही.

अवघड जागाही येतील. तुझ्या वयाची पुस्तकं वाचताना प्रेम, शरीर, शिव्या, दारू हे सगळं येणार आणि शेजारी बाबा तेच पान वाचत असणार. सुरुवातीलाच ठरवून टाका की वहीतलं एखादं पान दुमडून ठेवायचा हक्क दोघांनाही आहे. दुमडलेल्या पानाबद्दल विचारायचं नाही, आणि ‘ते वाचून तुला काय वाटलं रे?’ असं आडूनही विचारायचं नाही. ही मुभा असली की मुलं उलट जास्त मोकळेपणाने बोलतात.

पन्नास पानांनंतरही दोघांना पुस्तक नकोसं झालं, तर सोडा आणि का सोडलं ते दीडशे शब्दांत लिहा. एकालाच नकोसं झालं असेल तर त्याने थांबावं, दुसऱ्याने पुरं करावं. परीक्षणात ते प्रामाणिकपणे सांगा. पुढचं पुस्तक आळीपाळीने निवडा आणि दुसऱ्याच्या निवडीला नाक मुरडू नका, मग तू गुप्तहेरकथा आण किंवा बाबांनी शेतीवरचं पुस्तक आणू दे. सहामाहीच्या आधीचे तीन आठवडे मात्र नवं काही हाती घेऊ नका.

पहिला मसुदा झाला की पाठव. दोघांच्या वह्यांतली न दुमडलेली पानंही सोबत जोड, मी आधी तीच वाचणार आहे.

तुझा स्नेही