रविवारी चार वाजता शटर पडतं ते पडू दे

प्रश्न : इंग्लंडमध्ये मोठी सुपरमार्केटं रविवारी चार-पाच वाजताच बंद होतात. ही वेळ वाढवायला नको का?

नको. मी लंडनजवळच्या रेडिंगमधल्या एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये कित्येक वर्षं टिलवर, म्हणजे बिलाच्या काउंटरवर, काम केलंय, त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही. यावर जो तो गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलतो, टिलच्या पलीकडे बसलेल्या बाईला कोणी विचारतच नाही.

नियम पटकन सांगते. १९९४ चा संडे ट्रेडिंग कायदा, इंग्लंड आणि वेल्सला लागू. दुकान २८० चौरस मीटरच्या वर असेल तर रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळातले सलग सहाच तास विक्री करता येते, म्हणून कुठे दहा ते चार तर कुठे अकरा ते पाच. लहान दुकानांना बंधन नाही. स्कॉटलंडमध्ये असा नियमच नाही आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये तर दुपारी एक ते सहा एवढंच. १९८६ साली पंतप्रधान थॅचरबाईंनी सगळं खुलं करायचं बिल आणलं होतं, ते त्यांच्याच पक्षाची माणसं फुटल्यामुळे पडलं. म्हणजे हे सहा तास भांडून, तडजोड करून ठरलेले आहेत, कोणा आळशी लोकांनी सहज ठरवलेले नाहीत.

आता वेळ वाढवली की काय होतं ते मी स्वतः पाहिलंय. २०१२ च्या उन्हाळ्यात ऑलिम्पिकसाठी सरकारने हा नियम आठ रविवार बाजूला ठेवला, २२ जुलै ते ९ सप्टेंबर. म्हणे जगभरातून लोक येणार, त्यांना दुकानं बंद दिसायला नकोत. स्पर्धा मुख्यतः लंडनला, पण नियम उठवला अख्ख्या इंग्लंड-वेल्समध्ये. आमच्या दुकानाने वेळ रात्री आठपर्यंत केली. कॅन्टीनच्या भिंतीवर, बरोबर केटलच्या वर, आठ रकान्यांचा कागद चिकटवला, त्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं की हे ऐच्छिक आहे, ज्यांना यायचंय त्यांनी नावं लिहा. बरेच दिवस त्यावर दोन-तीन कॉलेजच्या पोरांची नावं सोडून काही नव्हतं. मग सुपरवायझर तोच कागद क्लिपबोर्डला लावून प्रत्येक टिलवर फिरायला लागली. समोर कस्टमर उभा, पट्ट्यावरून त्याचं दूध सरकतंय, स्कॅनर वाजतोय आणि ही कानाशी येऊन विचारते की ऑगस्टमधले तुझे कुठले रविवार धरू. त्या क्षणी कोण काय बोलणार? मी हो म्हटलं. माझ्या शेजारच्या टिलवरच्या बाईने स्पष्ट नाही सांगितलं, तर पुढचे कित्येक आठवडे तिला शुक्रवारी रात्रीच्याच शिफ्ट लागत होत्या. कोणी तिला कारण सांगितलं नाही आणि आम्हा सगळ्यांना ते कळलं.

माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. नवरा आयटी सपोर्टला, त्याची एकाआड एक वीकेंड ड्युटी. रविवारी इथे ना नर्सरी उघडी असते, ना शाळेनंतरचा क्लब, आणि संध्याकाळी बस तासाला एक, तीही आली तर. गणपतीच्या कार्यक्रमासाठी मुलांचं लेझीम बसवत होते, तालीम रविवारी पाचला एका हॉलमध्ये. नेहमीचा रविवार असता तर चारला दुकान बंद, टिलचा हिशोब देऊन, माल पुढे ओढून लावून पाचला मी हॉलवर पोचले असते. त्या वर्षी मुलाला दर वेळी कोणाच्या तरी आईच्या गाडीत बसवून द्यावं लागलं, त्यासाठी आदल्या रात्री मेसेज करायचे, परत आभार मानायचे, आणि प्रत्येक वेळी उपकार घेतल्यासारखं वाटायचं.

त्याच उन्हाळ्यात माझे धाकटे दीर पुण्याहून डेप्युटेशनवर आले होते आणि आमच्याकडेच राहत होते. त्यांचं म्हणणं, "वहिनी, आपल्याकडे मॉल रात्री दहापर्यंत चालू असतात, हे लोक अजून मागासलेले आहेत. आणि तुम्हाला नको असेल तर सरळ नाही म्हणायचं की, कायद्याने हक्क आहे तुम्हाला." हे शेवटचं वाक्य मी आजपर्यंत विसरले नाही. एका रविवारी सातच्या सुमाराला ते मुलाला तालमीवरून घेऊन परस्पर दुकानातच आले. बिअर, चिप्स घेतले आणि माझ्याच टिलला उभे राहिले. मुलगा घामाने भिजलेला, लेझीम ट्रॉलीत अडकवलेली, ट्रॉली हलली की झांजा वाजायच्या. त्याला नवीन पावली दाखवायची होती, तिथेच, टिलच्या त्या अरुंद जागेत. मागे लाईन. मी त्याला म्हटलं घरी दाखव, तर म्हणाला तू येतेस तेव्हा मी झोपलेला असतो. आणि भावजी हसत म्हणतात, "बघा वहिनी, सोय झाली की नाही?" मी पुढच्या कस्टमरचं सामान ओढलं आणि स्कॅन करायला लागले.

त्या चार ते आठ या चार तासांत दुकानात कोण येत होतं ते ऐका. पर्यटक एकही दिसला नाही, रेडिंगला कोण येणार पर्यटनाला. तेच ओळखीचे चेहरे, जे एरवी दुपारी दोनला यायचे ते आता साडेसहाला यायला लागले. दुपारची गर्दी पांगली, एवढाच फरक. चार तास जास्त उघडं ठेवलं म्हणून कोणी बटाटे दोनदा घेत नाही हो. सातनंतर दोन टिल चालू, बाकी आम्ही सगळ्या ब्रेडवर किंमत उतरवल्याची पिवळी स्टिकरं चिकटवत फिरायचो. लाईट, एसी, सिक्युरिटी, माणसं, सगळं तेवढंच चालू.

पुण्याचं उदाहरण देणाऱ्यांनाही सांगते. महाराष्ट्रात २०१७ चा नवा दुकाने कायदा आला आणि दुकानं वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवायला मोकळीक मिळाली, कामगाराला आठवड्याची सुट्टी आळीपाळीने द्यायची. कागदावर हिशोब बरोबर आहे, सुट्टी मिळते. पण मंगळवारी सुट्टी घेऊन घरी बसलेल्या बाईला घरात भेटतं कोण? पोरं शाळेत, नवरा कामावर. ती धुणी-भांडी करते आणि बुधवारी परत कामावर जाते. सगळ्यांना एकाच दिवशी मोकळं असणं याला किंमत आहे, आणि हे आम्हा लालबागच्या लोकांना कोणी शिकवायला नको. माझे आजोबा गिरणीत होते. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून, नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं मालकांशी भांडले तेव्हा. हे मी भावजींना सांगितलं तर म्हणाले ते जुन्या काळचं झालं. रविवारची सुट्टी स्वतः दर आठवड्याला घेणारा माणूस हे म्हणतो याचा मला राग आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

पुढे भावजींचं भाकीत होतं की ऑलिम्पिक हे फक्त निमित्त, एकदा सवय लागली की कायमचं होणार. सरकारने प्रयत्न केलाच, रविवारची वेळ ठरवायचे अधिकार स्थानिक कौन्सिलांना द्यायचा प्रस्ताव आणला. ९ मार्च २०१६ ला संसदेत तो ३१७ विरुद्ध २८६ मतांनी हरला. स्कॉटलंडच्या एसएनपी या पक्षाने विरोधात मत दिलं, कारण इंग्लंडमध्ये रविवार इतर दिवसांसारखा झाला तर स्कॉटलंडमधल्या दुकान-कामगारांना रविवारचा मिळणारा जादा पगारही जाईल ही त्यांना भीती होती. ती भीती खरी होती. आमच्याकडे आधी रविवारचे जास्त पैसे मिळायचे, मग नव्याने लागणाऱ्यांचे बंद केले आणि हळूहळू सगळ्यांचेच.

आता दुसरी बाजू नाही असं नाही. स्टुडंट व्हिसावरच्या मुलांना तास हवे असतात, त्यांना रविवार संध्याकाळ चालते. हॉस्पिटलमध्ये काम करणारे रविवारीही ड्युटीवर असतात, त्यांची चारनंतर पंचाईत होते, हे मला मान्य आहे. आणि २४ डिसेंबर रविवारी आला की, २०२३ ला आला होता, दुकानाबाहेर जी झुंबड उडते ती बघवत नाही, त्या एका दिवसापुरती सूट दिली तर मी तक्रार करणार नाही. ऑनलाईनशी स्पर्धा म्हणाल तर ती आठला दुकान बंद करूनही होणार नाही, लोक रात्री अकराला गादीत पडून ऑर्डर करतात.

तुम्ही इथे नवीन असाल तर दूध, ब्रेड, कांदे यांच्यासाठी अडायचं कारण नाही. कोपऱ्यावरची दुकानं आणि मोठ्या कंपन्यांची एक्सप्रेस, लोकल नावाची छोटी दुकानं रात्री दहा-अकरापर्यंत उघडी असतात, थोडं महाग पडतं इतकंच. मोठी खरेदी असेल तर उघडायच्या अर्धा तास आधी जा, बरीच दुकानं आत सोडतात, ट्रॉली भरून ठेवायची आणि दहाचा ठोका पडला की पहिलं बिल तुमचं.

आणि स्वतः दुकानात कामाला असाल, किंवा घरातलं कोणी असेल, तर भावजी ज्या हक्काबद्दल बोलत होते तो असा आहे. रविवारी काम करणार नाही असं लेखी द्यायचं, सही-तारीख घालून, तीन महिन्यांनी ते लागू होतं. फक्त रविवारसाठीच नेमलेल्यांना हे मिळत नाही. कामावर लागल्यापासून दोन महिन्यांत मालकाने या हक्काची लेखी माहिती द्यायची असते, दिली नसेल तर तीनऐवजी एक महिन्याची नोटीस पुरते. मी पुढच्या वर्षी ते पत्र दिलं. रोटा, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, लावणाऱ्या बाईने ते वाचून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि मग महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही, म्हणून पत्र देताना युनियनच्या माणसाला सोबत घ्या आणि कॉपी स्वतःजवळ ठेवा.