एसएसडीची क्षमता आणि वेग

प्रश्न : एकाच मालिकेतील 250 जीबी आणि 1 टीबी क्षमतेच्या एसएसडींचा (संगणकात माहिती साठवणाऱ्या, चिपवर चालणाऱ्या ड्राइव्हचा) वाचनाचा वेग सारखा, पण लेखनाचा वेगळा का छापलेला असतो? एसएसडी भरत आली की मंदावते, त्याचेही कारण हेच का?

उत्तर : वेगाचा संबंध थेट क्षमतेशी नसून चिपमधील सिलिकॉनच्या तुकड्यांच्या, म्हणजे ‘डाय’च्या संख्येशी आहे. एक डाय लिहिण्यात गुंतली असताना कंट्रोलर, म्हणजे एसएसडीतील कामे वाटून देणारी चिप, पुढचे काम दुसरीकडे सोपवतो. डाय मोजक्याच असतील, तर कंट्रोलरला ताटकळत राहावे लागते. नॅन्ड मेमरीत, म्हणजे एसएसडीत माहिती साठवणाऱ्या चिपच्या प्रकारात, वाचनापेक्षा लेखनाला कितीतरी अधिक वेळ लागत असल्याने ही उणीव लेखनात आधी उघडी पडते.

सॅमसंगच्या 970 इव्हो प्लस मालिकेचे आकडे पाहा. वाचनाचा कमाल वेग दोन्हींत सेकंदाला 3,500 एमबी. लेखनाचा मात्र 250 जीबीत 2,300 आणि 1 टीबीत 3,300. हा फरक बेताचा वाटेल, परंतु हे आकडे केवळ जलद कॅशेपुरते, म्हणजे आलेली माहिती आधी झटपट लिहून घेणाऱ्या जागेपुरते, खरे आहेत, जिच्यात एका सेलमध्ये (माहितीच्या सूक्ष्म कप्प्यात) तीनऐवजी एकच बिट लिहिला जातो. ही कॅशे लहान एसएसडीत 13 जीबीपर्यंत, तर मोठीत 42 जीबीपर्यंत असते आणि ती भरली की वेग अनुक्रमे 400 आणि 1,700 एमबीवर येतो. तितक्याच वेगाने माहिती पुरवणारा स्रोत असेल, तर 50 जीबीची फाइल मोठ्या एसएसडीवर वीस सेकंदांच्या आत उतरेल, लहानीला दीड मिनिटाहून अधिक लागेल. वेष्टनावर ठळक छापलेल्या आकड्यापेक्षा कॅशेनंतरचा हा आकडा आधी शोधावा, असे माझे मत आहे.

याच मालिकेतील 500 जीबीची एसएसडी 3,200 एमबी गाठते, म्हणजे एका मर्यादेनंतर कॅशेतील लेखनाचा वेग फारसा वाढत नाही. उलट, क्षमता तीच ठेवून चिप कमी केल्या, तर वाचनही मंदावू शकते. 2022 च्या एम2 मॅकबुक एअरच्या 256 जीबी आवृत्तीत दोनऐवजी एकच नॅन्ड चिप आली, तेव्हा हेच दिसले. साटा या जुन्या प्रकारच्या जोडणीत मात्र सुमारे 550 एमबीची मर्यादा असल्याने असे बरेच फरक झाकले जातात.

भरल्यावर येणाऱ्या मंदपणाचे कारण वेगळे आहे. नॅन्डमध्ये जुन्या मजकुरावर थेट लिहिता येत नाही. संपूर्ण ब्लॉक, म्हणजे सेलचा मोठा गट, पुसावा लागतो आणि त्यातील उपयोगी माहिती आधी अन्यत्र हलवावी लागते. मोकळी जागा कमी, तितकी ही हलवाहलव अधिक. शिवाय अनेक एसएसडींत कॅशेही मोकळ्या जागेतूनच घेतली जाते. ट्रिम, म्हणजे कोणती माहिती आता नको आहे हे एसएसडीला कळवणारी सोय, चालू असेल, तर नको असलेल्या फायली काढल्यावर गेलेला वेग बहुतांशी परत येतो.