सुन वूखुंग: नावातले शून्य आणि स्वभावातला द्वाडपणा

प्रश्न असा आहे: चिनी कथांतील 'सन वुकाँग' या वानरवीराच्या नावाचा नेमका अर्थ काय, आणि अशा पात्राला इंग्रजीत जो 'ट्रिकस्टर' (युक्त्या-फसवणुकीने नियम उलथवणारे पात्र) शब्द लावतात त्यासाठी मराठीत 'धूर्त' हा प्रतिशब्द चालेल का?

आधी उच्चाराविषयी. रोमन लिपीत चिनी शब्द लिहिताना जो 'के' वापरतात तो महाप्राण असतो, त्यामुळे 'काँग'पेक्षा 'खुंग' हे लेखन मूळ उच्चाराला अधिक जवळचे ठरते. म्हणून येथे 'सुन वूखुंग' असे लिहितो. हीच तीन चिन्हे जपानी माणूस 'सोन गोकू' अशी वाचतो, आणि 'ड्रॅगन बॉल' ही जपानी कार्टून मालिका पाहत वाढलेल्या मुलांचा गोकू या वानराचेच नाव लावतो.

हे नाव कसे पडले, याचा प्रसंग 1592 साली नानजिंगमध्ये छापल्या गेलेल्या 'शी-योऊ-ची' (पश्चिमेचा प्रवास) या शंभर अध्यायांच्या कादंबरीत पहिल्याच अध्यायात येतो. दगडातून जन्मलेला हा वानर अमरत्वाची विद्या शिकण्यासाठी एका गुरूकडे जातो. गुरू त्याचे रूप पाहून माकडाच्या 'हू-सुन' या चिनी नावातला 'सुन' उचलतात, त्या चिन्हाला चिकटलेली 'पशू' दर्शवणारी खूण काढून टाकतात आणि उरलेले चिन्ह त्याला आडनाव म्हणून देतात. हे चीनमधले अगदी सर्वसामान्य आडनाव आहे, चिनी क्रांतिकारक नेते सन यत-सेन यांचे होते तेच. एक खूण पुसताच पशूचा माणूस झाला. गंमत म्हणजे या चिन्हाचा साधा अर्थ 'नातू' असा होतो, आणि हा गृहस्थ पुढे प्रत्येक राक्षसासमोर स्वतःची ओळख 'तुझा आजोबा सुन' अशी करून देतो.

'वू' म्हणजे बोध होणे, उमगणे. जपानी झेन परंपरेतला 'सातोरी' हा शब्द याच चिन्हाने लिहितात. 'खुंग' म्हणजे शून्य, रिकामे. तेव्हा 'वूखुंग' म्हणजे 'शून्यतेचा बोध झालेला'. हे शून्य बौद्ध दर्शनातले आहे, आणि त्याचा पुरावा गुरूच्या नावातच आहे. कादंबरीतल्या गुरूचे नाव 'शू-फू-थी' हे 'सुभूती'चे चिनी लिप्यंतर आहे, आणि सुभूती म्हणजे वज्रच्छेदिका सूत्रात बुद्धांशी संवाद करणारा, शून्यता जाणणाऱ्यांत अग्रणी मानला गेलेला शिष्य. ज्या ह्युएनत्संगाच्या भारतयात्रेवर ही सारी कल्पनारम्य कथा उभी आहे (आणि जो सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला होता), त्याच्या नावावर असलेल्या प्रज्ञापारमिताहृदय सूत्राच्या चिनी भाषांतरातही शून्यतेसाठी 'खुंग' हेच चिन्ह योजलेले आहे.

या चिन्हाचा आणखी एक अर्थ आकाश, अवकाश असा आहे. चीनने 2015 साली कृष्णद्रव्याच्या शोधासाठी सोडलेल्या उपग्रहाला 'वूखुंग' हे नाव दिले, तेव्हा 'अवकाशाचा बोध' हा श्लेष साधला गेला. मराठी वाचकाला ही जोडी परकी वाटू नये, कारण संस्कृतातील 'ख' म्हणजे आकाश (खग, खगोल) आणि गणितात 'ख' म्हणजेच शून्य. भास्कराचार्यांचा 'खहर' (शून्याने भागलेली राशी) तिथूनच आला. 'ख' आणि 'खुंग' यांचे ध्वनिसाम्य मात्र निव्वळ योगायोगाचे आहे, त्यावरून व्युत्पत्ती रचू नये.

आता 'धूर्त'. मराठीत धूर्त म्हटले की कोल्हा डोळ्यांसमोर येतो: हेतू लपवणारा, स्वार्थ साधणारा, गोड बोलून काम काढून घेणारा. वूखुंगची रीत नेमकी उलटी आहे. तो बहात्तर रूपे घेतो, तेरा हजार पाचशे चिनी शेरांची गदा सुईएवढी करून कानात ठेवतो, शत्रूच्या पोटात शिरून धुमाकूळ घालतो. पण फसवणूक संपली की आपले नाव मोठ्याने सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. स्वर्गात त्याला घोड्यांची देखभाल करणारे 'पी-मा-वन' हे पद मिळते. तो खूश होतो, पण ही नोकरी कोणत्याही श्रेणीत बसत नाही हे कळताच राजीनामा न देता सरळ दाराबाहेर पडतो. त्या पदाच्या नावाचा उच्चार 'घोड्यांचा रोग टाळणारा' या अर्थाच्या शब्दांशी जुळतो, कारण घोड्यांना रोग होऊ नये म्हणून पागेत माकड बांधण्याची चीनमध्ये जुनी पद्धत होती. यमलोकात गेल्यावर तो तिथल्या चित्रगुप्ताच्या वहीतले स्वतःचे नाव खोडतोच, शिवाय सापडतील तेवढ्या सगळ्या माकडांची नावे खोडतो. पीचच्या मेजवानीआधीच तो स्वर्गातले मद्य पिऊन बसतो. 'आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला' याचे एवढे तंतोतंत उदाहरण दुसरे सापडणार नाही.

श्रेणी, शिक्के आणि नोंदवह्यांच्या राज्यात शतकानुशतके राहिलेल्या समाजाला हा वानर का आवडला, हे यावरून कळते, कारण कादंबरीतला स्वर्गदेखील हुबेहूब सरकारी कचेरीसारखा चालतो. वूखुंग रोजच्या भाषेतही उतरला आहे. बुद्धाच्या तळहातावर, जगाचा शेवट आला असे समजून, त्याने 'स्वर्गासमान महाऋषी येथे येऊन गेले' असे लिहिले, आणि आज पर्यटकांनी ऐतिहासिक वास्तूंवर नावे कोरली की चिनी लोक त्यातलेच शब्द वापरतात. ह्युएनत्संगासोबतच्या प्रवासात त्याला आवरण्यासाठी डोक्यावर बसवलेले कडे ज्या मंत्राने आवळले जाते त्या मंत्राचे नाव जाचक बंधनासाठी सर्रास योजले जाते.

म्हणून माझ्या मते त्याच्यासाठी मराठीत 'द्वाड' हा शब्द सर्वांत जवळचा आहे. त्यात राग आहे, पण आई पोराला म्हणते तेव्हा असते तशी मायाही आहे. 'बिलंदर' चालेल, तरी त्यात व्यवहारातला चलाखपणा अधिक आहे; 'खोडकर' फारच सौम्य पडतो. कादंबरीतील नामकरणाच्या ओळींतही 'जड, हट्टी शून्य फोडायचे तर शून्याचा बोध हवा' असा आशय आहे, आणि तिथे 'हट्टी' या अर्थी आलेले 'वान' हे चिन्ह आजच्या चिनीत खोडकर मुलासाठी वापरल्या जाणाऱ्या 'वान-फी' या शब्दातही आहे.

हनुमानाशी असलेल्या नात्याचा प्रश्न निघणारच. चिनी विद्वान हू शी यांनी 1923 साली हनुमानाकडे बोट दाखवले, तर चिनी लेखक लू शुन यांनी हुआई नदीतल्या एका चिनी जलवानराकडे. हा वाद येथे सोडवण्याची गरज नाही, मात्र प्रतिशब्द निवडताना दोघांतला फरक ध्यानात ठेवावा: मारुतीला दास्यासाठी कड्याची गरज पडली नाही. वूखुंगच्या डोक्यावरचे कडे प्रवासाच्या शेवटी, तो बुद्धपदाला पोहोचल्यावर, कोणीही न काढता नाहीसे होते, आणि ते गेले हे त्याला डोके चाचपल्यावरच कळते.