शेतकऱ्यांना सल्ला द्यायच्या कामात यावं का? शेतकरी खरंच ऐकतात का?

तुम्ही विचारलंय की बीएस्सी ॲग्री संपत आलंय, गावोगावी फिरून शेतकऱ्यांना मार्गदर्शन करायचं काम आवडेल, पण घरचे म्हणतात शेतकरी कुणाचं ऐकत नाहीत. मी सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात हेच काम करतो म्हणून लिहितोय.

ऐकतात की. पण आधी बघतात की हा काय विकायला आलाय.

आमच्याकडं ऊस तुटून बिल येईस्तोवर खत-औषध दुकानातनं उधारीवर येतं आणि ज्याची उधारी त्याचाच सल्ला चालतो. पीक पिवळं पडलं की माणूस पान तोडून दुकानात नेतो, काउंटरवरच बघून दोन बाटल्या मिळतात, आणि दुकान रात्री आठला पण उघडं असतं. यात शेतकऱ्याचा काय दोष? आपली जमेची बाजू एकच, आपल्याला काही खपवायचं नसतं. "आबा, याला काय मारू नका, पाणी कमी करा" हे आपणच बोलू शकतो.

क्षारपड रानाचं सांगतो. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत वर्षानुवर्षं पाटानं भरमसाठ पाणी दिलं, निचरा नाही, मग खालचं पाणी वर येतं, ते उडून जातं आणि क्षार वर राहतात. रानावर पांढरा थर दिसतो, उसाचे फुटवे मरतात. लोक जिप्समच्या गोण्या टाकतात, नाहीतर २६५ ही उसाची जात लावतात. २६५ क्षार थोडाफार सोसतो हे खरं आणि चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या, जमिनीला जिप्समचा उपयोग पण होतो, पण पाण्याला बाहेर पडायला वाटच नसेल तर क्षार जाणार कुठं? हे बैठकीत बोलून पटत नाही. मी सरळ त्याच रानात सकाळी तीन-चार फूट खड्डा काढायला सांगतो आणि संध्याकाळी आजूबाजूच्यांना बोलावतो. खड्ड्यात पाणी साचलेलं असतं. मग कुणीतरी म्हणतंच, "आरं, मूळ पाण्यातच हाय की." तिथनं पुढं सच्छिद्र पाईपच्या निचऱ्याचं बोलणं सुरू होतं आणि खरं काम पण तिथनंच सुरू होतं, कारण एकट्यानं पाईप टाकून भागत नाही, पाणी ओढ्यापर्यंत न्यायला खालच्या चौघांच्या रानातनं वाट लागते, त्यातल्या दोघांचा बांधावरनं वाद असतो. तुम्ही सॉइल सायन्स शिकलाय, पण या चौघांना एका ओट्यावर बसवायला कॉलेजात कुणी शिकवत नाही आणि माझ्या मते या नोकरीतलं सगळ्यात मोठं कौशल्य तेच आहे.

पाचटाचं, म्हणजे ऊस तुटल्यावर रानात राहणाऱ्या वाळक्या पानांचं, पण तसंच. जाळू नका म्हणून कितीही सांगा, शेजारच्या खोडव्यात, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातनं पुन्हा आलेल्या पिकात, पाचट कुजलेलं दिसल्याशिवाय कुणी थांबत नाही. रानातच कुजवायला एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो जिवाणू कल्चर, एवढं साधं आहे. प्लॉट मात्र रस्त्याकडेचा निवडा आणि गावात ज्याला मान आहे अशाचा निवडा.

अजून एक, बायकांना धरून चला. भांगलण म्हणजे तण काढणं, हळदीची लावण-काढणी, बेणेप्रक्रिया सगळं त्यांच्या हातचं आणि बैठक आपण घेतो सकाळी अकराला देवळात, तेव्हा त्या रानात असतात. मग बेणं औषधात किती वेळ बुडवायचं हे ऐकलेला माणूस वेगळा आणि बुडवणारी बाई वेगळी. वेळ त्यांना विचारून ठरवा.

नोकरीचं म्हणाल तर कृषी सहायक म्हणजे आताचे सहायक कृषी अधिकारी, कारखान्यांचे शेती विभाग, संस्था, असे रस्ते आहेत. कृषी विज्ञान केंद्रात विषय विशेषज्ञ व्हायचं तर एमएस्सी लागतं. कागदपत्रं, योजना, पंचनामे यातच बराच वेळ जातो, ते गृहीत धरूनच या.

आणि नोकरीची वाट बघत बसू नका, तुमच्याच गावात हुमणीपासून, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीपासून, सुरुवात करा. वळवाचा पाऊस झाला की अंधार पडताना तिचे भुंगेरे कडुलिंब-बाभळीवर जमतात, तेव्हा पोरं गोळा करून फांद्या हलवायच्या आणि पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. एकट्याच्या रानात करून फायदा नाही कारण भुंगेरा शेजारनं येतो, सगळी शिवारं एकाच आठवड्यात धरावी लागतात. त्यासाठी घरोघरी फिरा, कोण लगेच येतं, कोण नुसतं "बघू की" म्हणतं आणि कुणाच्या शब्दावर बाकीचे हलतात ते तुमचं तुम्हालाच कळेल.